रक्तगट जुळला, तरी बोनमॅरो का जुळत नाही?

सिकलसेलच्या तपासणी शिबिरात आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सिस्टर, पोराचा अन् माझा रक्तगट एकच हाये. मंग माझा बोनमॅरो त्याले काहून नाही चालत?" विचारणारा कधी बाप असतो, कधी आई. मोठ्या दवाखान्यात त्यांना 'एचएलए मॅच नाही' एवढेच सांगून परत पाठवलेले असते. हातातल्या कागदावर इंग्रजी अक्षरांच्या आणि आकड्यांच्या दोन रांगा असतात. त्या समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो. मग घरात कुजबुज सुरू होते. बापाचे पोराशी जुळले नाही म्हणजे काय समजायचे, असे विचारणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. एका आईला सासरच्यांनी त्या कागदावरून नको नको ते ऐकवले होते. आजारी लेकरू मांडीवर आणि वरून चारित्र्यावर संशय.

तेव्हा पहिले हेच स्पष्ट करून टाकू. बापाचे एचएलए मुलाशी पूर्ण जुळत नाही, ही निसर्गाची रीत आहे. जगातल्या प्रत्येक बापाचे आणि प्रत्येक आईचे आपल्या लेकराशी निम्मेच जुळते. नात्यात लग्न झालेले असेल, तर एखाद्या घरात आई किंवा बाप पूर्ण जुळून जातो, पण तो अपवाद. त्या कागदावरून कोणाच्या चारित्र्याचा निकाल लावणाऱ्याला तिथल्या तिथे गप्प करायला हवे.

पेशीच्या दारातली खूण

आता हे एचएलए म्हणजे काय? आपल्या अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात. पेशीच्या आत जे काही चालले आहे, त्याचे बारीक तुकडे ही प्रथिने बाहेर आणून धरतात. आपल्या पांढऱ्या पेशी दारोदार फिरणाऱ्या आशाताईंसारख्या असतात. त्या प्रत्येक दारात थांबून काय धरले आहे ते बघतात. घरचाच तुकडा असेल तर पुढे जातात. विषाणूचा किंवा जंतूचा तुकडा दिसला, तर ती पेशी मारून टाकतात. आणि धरणारा हातच परका दिसला, म्हणजे दुसऱ्या माणसाची पेशी असली, तर तिच्यावरही तुटून पडतात. या हातांना एचएलए म्हणतात. फ्रान्सचे डॉक्टर जाँ दोसे यांनी १९५८ साली यातली पहिली खूण ओळखली. त्या कामासाठी त्यांना १९८० साली दोन सहकारी शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तगट ए, बी, एबी आणि ओ असे चारच, त्यात पॉझिटिव्ह-निगेटिव्ह धरले तर आठ. एचएलएच्या जनुकांचे मात्र आजवर ४० हजारांहून जास्त प्रकार नोंदले गेले आहेत. आपल्या लाल पेशींवर ही खूण जवळजवळ नसते, म्हणून रक्त चढवताना रक्तगट पाहिला आणि क्रॉसमॅच केले की भागते. बोनमॅरो म्हणजे रक्त तयार करणारा कारखानाच. त्यातून पांढऱ्या पेशीही तयार होतात. तो दुसऱ्याच्या अंगात बसवायचा तर एचएलए जुळलेच पाहिजे. रक्तगट जुळला नाही तरी चालते. ट्रान्सप्लांटनंतर काही महिन्यांनी पेशंटचा रक्तगटच बदलून दात्याचा होतो. हे सांगितले की शिबिरात सगळे एकदम शांत होतात, मग हसतात.

ही जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून बसलेली असतात आणि बहुधा एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. प्रत्येक माणसाजवळ अशा दोन पट्ट्या असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. आम्ही शिबिरात पंचशील ध्वजाचे रंग घेऊन समजावतो. समजा, बापाजवळ निळी आणि पिवळी पट्टी आहे, आईजवळ लाल आणि पांढरी. लेकराला बापाची एक आणि आईची एक मिळणार. म्हणजे निळी-लाल, निळी-पांढरी, पिवळी-लाल किंवा पिवळी-पांढरी. आजारी मुलगा निळा-लाल असेल, तर बापाचे त्याच्याशी फक्त निळे जुळेल, आईचे फक्त लाल. भावाला किंवा बहिणीला मात्र निळी-लाल हीच जोडी मिळाली असण्याची शक्यता चारात एक आहे. दोन भावंडे असतील तर त्यातले निदान एक जुळण्याची शक्यता शंभरात ४४ होते, तीन असतील तर ५८.

घरात जुळणारे कोणी असेल तर

सिकलसेल आपल्या घरांना नवा नाही. १९५० च्या दशकातच नागपूरच्या डॉक्टरांनी या भागातले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले होते. विदर्भात पूर्वाश्रमीच्या महार समाजात आणि गोंड, परधान यांसारख्या आदिवासी समाजांत, तसेच उत्तर महाराष्ट्रात भिल्ल आणि पावरा समाजांत त्याचे प्रमाण मोठे आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आहे. बहुतेक रुग्णांचा आधार आजही हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक अ‍ॅसिड, लसी आणि भरपूर पाणी हाच आहे. गोळ्या नियमित घेतल्या तर अनेकांचे दुखण्याचे झटके कमी होतात. ट्रान्सप्लांट प्रत्येकाला लागत नाही आणि प्रत्येकाने त्याच्या मागे धावायचीही गरज नाही. केमोथेरपीचे मोठे डोस सोसावे लागतात, पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो आणि जीवाला धोकाही असतो.

पण ज्या लेकराला वारंवार झटके येतात, छातीचा त्रास होतो किंवा लकवा मारून गेला आहे, त्याच्यासाठी हा मार्ग खरा आहे. पूर्ण जुळणाऱ्या भावंडाचा बोनमॅरो मिळालेल्या १,००० सिकलसेल रुग्णांची वेगवेगळ्या देशांतली माहिती २०१७ साली एकत्र प्रसिद्ध झाली. त्यातले सुमारे ९३ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत होते. लहान वयात, मेंदू, फुप्फुसे आणि किडनी बिघडण्याआधी केले तर निकाल जास्त चांगला लागतो.

भाऊ किंवा बहीण सिकलसेलची वाहक, म्हणजे रिपोर्टवर 'एएस' असेल, तरी तिचा बोनमॅरो चालतो. अनेक घरांत 'हिलाही सिकल आहे' म्हणून तिची एचएलए तपासणीच केली जात नाही. चालत नाही तो फक्त 'एसएस'. दुसरे म्हणजे, पुढेमागे ट्रान्सप्लांट करायचा विचार असेल, तर त्या लेकराला आई-बाप, भाऊ-बहीण यांचे रक्त चढवू देऊ नका. घरच्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरची खूण त्याचे शरीर ओळखून ठेवते आणि तिच्याविरुद्ध तयार होते. पुढे त्याच माणसाचा बोनमॅरो बसवला, तर तो नाकारला जाण्याचा धोका वाढतो. रात्री-अपरात्री ब्लड बँकेतून 'घरचंच कोणीतरी द्या' असे सांगितले जाते, त्यामागे बदली रक्ताची अडचण असते. अशा वेळी आपण रक्त जरूर द्यावे, पण ते दुसऱ्या पेशंटला जाऊ द्यावे. आपल्या लेकराला बँकेतले दुसऱ्याचे रक्त, शक्यतो पांढऱ्या पेशी गाळलेले, मागून घ्यावे.

मुलींबद्दलही बोलले पाहिजे. बहिणीचे जुळले तर पुष्कळ घरांत आनंदाऐवजी कुरबुर ऐकू येते. 'तिचं लग्न व्हायचं आहे, मणक्याला सुई टोचली तर पुढं कसं?' हे अज्ञान आहे. बोनमॅरो मणक्यातून काढत नाहीत. भूल देऊन कमरेच्या हाडातून, मागच्या बाजूने काढतात. काढलेला भाग काही आठवड्यांत पुन्हा भरून येतो. मूल होण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. उलट बाजूही पाहा. पेशंट मुलगा असला की शेत विकायची तयारी होते, पेशंट मुलगी असली की 'गोळ्यांवर चालू द्या' म्हणतात. दोघांच्या हाडांत दुखते ते सारखेच.

नाळेचे रक्त खासगी बँकेत साठवा, म्हणून बाळंतिणीच्या खाटेपाशी एजंट येतात, त्यांचाही इथेच समाचार घेऊ. बाळाला सिकलसेल असेल तर त्याच्या नाळेच्या रक्तातही तेच जनुक असते. ते त्याच्या स्वतःच्या काय कामाचे? आयसीएमआरनेही स्वतःच्या वापरासाठी खासगी बँकेत नाळेचे रक्त साठवण्याची शिफारस केलेली नाही. त्या हप्त्यांच्या पैशांत वर्षभर अंडी आणि डाळ येते.

घरात कोणी जुळले नाही तर

मग निम्म्या जुळणाऱ्या आई-बापाचा बोनमॅरो वापरून, ज्याला दवाखान्यात 'हाफ मॅच' म्हणतात, ट्रान्सप्लांट करता येते. आपल्या देशातही ते होऊ लागले आहे, पण त्यात बोनमॅरो नाकारला जाण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. दुसरा रस्ता म्हणजे नात्याबाहेरचा दाता. जगभर ४ कोटींहून जास्त लोकांनी दाता म्हणून नाव नोंदवले आहे. त्यांची एचएलए माहिती संगणकावर असते आणि पेशंटची तिच्याशी ताडून पाहतात.

हे ऐकायला सोपे वाटते. चार कोटींत एक सापडणार नाही का? हे कोणाला सापडते आणि कोणाला सापडत नाही, याचा हिशेब अमेरिकेत मांडला गेला आहे आणि तो आपण नीट वाचावा असा आहे. २०१४ साली तिथल्या राष्ट्रीय नोंदणीवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपीय वंशाच्या गोऱ्या पेशंटला नात्याबाहेरचा पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता शंभरात ७५ निघाली. आफ्रिकी वंशाच्या पेशंटला ती २० पेक्षाही कमी होती. आणि सिकलसेल तर तिथे मुख्यतः काळ्या लोकांचाच आजार. ज्यांना गरज मोठी, त्यांनाच दाता मिळत नाही.

याची कारणे दोन, आणि दोन्ही एकत्र समजून घ्यायला हवीत. पहिले कारण निसर्गाचे. माणूस आफ्रिकेतूनच जगभर पसरला, म्हणून तिथल्या लोकांत जनुकांची विविधता सर्वांत जास्त. जितके प्रकार जास्त, तितकी नेमकी जोडी सापडणे अवघड. शिवाय कोणत्या भागात कोणता प्रकार टिकला, हे तिथल्या रोगांवरही ठरते. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात १९९१ साली असे दिसून आले की एचएलए-बी ५३ हा प्रकार असलेल्या मुलांना गंभीर मलेरिया कमी होतो. तो प्रकार तिथे पुष्कळांत आढळतो, युरोपात विरळा. सिकलसेलचे जनुकही असेच टिकले. ज्याच्याजवळ ते एकच असते, तो वाहक गंभीर मलेरियातून वाचतो. आपल्या पूर्वजांना जंगलपट्टीतल्या हिवतापातून त्याने तारले आणि त्याची किंमत आज दोन्ही बाजूंनी ते मिळालेले लेकरू मोजते आहे.

दुसरे कारण माणसाचे आहे. गोऱ्या लोकांची नावे नोंदणीत लाखोंनी आहेत, काळ्या लोकांची त्या मानाने थोडी. ज्या समाजाला दवाखान्याने आणि प्रयोगांनी पिढ्यान्‌पिढ्या छळले, तो समाज सुईपुढे हात करायला कचरतो. यात त्यांचा दोष काढायला आम्ही जाणार नाही.

भारतात नोंदणी झालेल्या दात्यांची संख्या काही लाखांच्या घरात आहे. १४० कोटींच्या देशात ती मूठभरही नाही. त्यात शिबिरे होतात ती मुख्यतः इंजिनिअरिंग कॉलेजांत आणि आयटी कंपन्यांत. आम्ही फिरलो त्या वस्त्यांत एकाही विहारात असे शिबिर झाल्याचे आम्हाला कोणी सांगितले नाही. सिकलसेलचे पेशंट आपल्या गल्लीत आणि दाते हिंजवडीत, अशी ही गत आहे.

मग रक्तात जात असते का?

इथे एक धोक्याचे वळण आहे. 'जुळणारा दाता आपल्याच भागातल्या, आपल्याच समाजातल्या माणसांत सापडण्याची शक्यता जास्त' असे म्हटले, की कोणीतरी लगेच म्हणणार, बघा, विज्ञानच सांगते जाती वेगळ्या आहेत म्हणून. एका दवाखान्यात सिकलसेलला 'तुमच्या लोकांचा आजार' म्हणताना आम्ही स्वतः ऐकले आहे. तेव्हा हे सोडवून सांगतो.

हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले जवळपास सगळे लोक एकमेकांत मिसळत होते. वरच्या म्हणवणाऱ्या जाती, चांभार, भिल्ल, सगळे. प्रमाण थोडेफार वेगळे, पण शुद्ध कोणीच नाही. पुढे २०१६ साली पश्चिम बंगालमधल्या कल्याणी येथील राष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासात आढळले की वरच्या जातींत बाहेरचे मिसळणे साधारण ७० पिढ्यांपूर्वी एकाएकी थांबले. त्यांनी तो काळ गुप्त राजवटीच्या आसपासचा धरला आहे. म्हणजे आधी सगळे एक झाले आणि मग कोणीतरी दारे लावून घेतली.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात हेच मांडले होते. जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, आणि बाहेर लग्न करणाऱ्या समाजावर ते मागाहून लादले गेले. तेव्हा त्यांचे वय २५ होते आणि जनुकाची तपासणी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांत वंशाचा भेद नाही, असे म्हटले. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तर नाकाच्या मोजमापांचे तक्तेच पुढे ठेवून अस्पृश्यांचा वेगळा वंश असल्याची कल्पना खोडून काढली.

दार लावून घेतले की आतल्या आत काही पट्ट्या वाढतात, काही नाहीशा होतात. गुण म्हणून नव्हे, निव्वळ योगायोगाने. आणि हे वर-खाली बघून होत नाही. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात एक जनुकीय दोष इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त आढळतो. ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायला दिलेले स्कोलिन हे इंजेक्शन अशा माणसाच्या शरीरात लवकर मोडत नाही आणि काही मिनिटांऐवजी कितीतरी वेळ श्वास बंद राहतो. ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलेल्या सिस्टरला हे ठाऊक असते. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्ने केल्याचे हे फळ आहे. त्याला कोणी 'तुमच्या लोकांचा आजार' म्हणून नाक मुरडत नाही, एवढाच फरक.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. धम्म स्वीकारून किती दशके झाली, तरी सोयरीक जुळवताना हळूच पोटजात विचारली जाते. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा हेही चालूच आहे. तीच तीच घरे एकमेकांशी जोडली गेली, की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. तेव्हा लग्नाआधी दोघांची सिकलसेल तपासणी आणि पोटजातीला रजा, ही दोन्ही कामे एकाच बैठकीत उरकता येतात. पत्रिका तर आपण बघत नाहीच.

याच ओघात टीबीचेही सांगतो. 'आपल्या लोकांची प्रतिकारशक्तीच कमी' असे आपलेच लोक बोलतात आणि मग इम्युनिटी वाढवणाऱ्या पावडरींचे डबे घरात येतात. जनुकांचा टीबीशी थोडाबहुत संबंध असेलही, पण दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे आणि ताटात डाळ नाही, यापुढे तो फिका आहे. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरमहा जादा धान्य आणि डाळ देऊन पाहिले. त्याचा निकाल २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्या घरांत नवे टीबी रुग्ण ३९ टक्के कमी निघाले. जनुके तीच होती, ताट बदलले.

नाव कसे नोंदवायचे

दाता म्हणून नोंदणी करताना सुई लागत नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात आणि एक फॉर्म भरून घेतात. वय साधारण १८ ते ५० हवे, पण तरुण दात्याला पसंती असते. चेन्नईची 'दात्री', बंगळुरूची 'डीकेएमएस फाउंडेशन इंडिया' आणि मुंबईची 'मॅरो डोनर रजिस्ट्री' ही या कामातली जाणती नावे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे रक्तदान शिबिरे होतातच. मंडळाने या संस्थांना आधी पत्र लिहिले, तर त्याच मंडपात काडीचे टेबलही लावता येते.

नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे बोलावणे येणार नाही, कदाचित कधीच येणार नाही. आले, तर बहुतेक वेळा ऑपरेशनही नसते. चार-पाच दिवस एक इंजेक्शन देतात, त्याने अंग दुखते, डोके जड होते. मग हाताच्या शिरेतून रक्त मशिनमध्ये घेऊन त्यातल्या हव्या त्या पेशी काढतात आणि बाकीचे रक्त परत देतात. चार-पाच तास लागतात.

पण एक विनंती. घरी न सांगता, मित्राने भरला म्हणून फॉर्म भरू नका. दात्याची तारीख ठरली की पेशंटला केमोथेरपी देऊन त्याचा स्वतःचा बोनमॅरो संपवतात. त्यानंतर दात्याची आई 'नको रे बाबा' म्हणाली आणि तो मागे फिरला, तर तिकडचा पेशंट जगत नाही. आईला आधी समजवा, काडी मग फिरवा. आणि आपल्या लेकरासाठी दाता शोधताना तो ब्राह्मण निघेल, मुसलमान निघेल की जर्मनीचा निघेल, याची पर्वा करू नका. जुळला की तो आपला.

औषधाची चिठ्ठी

एचएलए फक्त ट्रान्सप्लांटपुरते नाही. एचएलए-बी २७ या प्रकाराचा कंबर आखडण्याच्या एका आजाराशी संबंध असल्याचे १९७३ साली कळले. कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या हायडा आदिवासींत हा प्रकार जवळपास निम्म्या लोकांत आहे, जपानात शंभरात एकातही नाही. असलेल्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. मात्र विशी-तिशीतल्या पोराची कंबर सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास आखडते, काम केल्यावर मोकळी होते आणि हे तीन महिन्यांहून जास्त चालले आहे, तर 'हमालीने दुखते' म्हणून मलम चोळत बसू नका, हाडांच्या किंवा संधिवाताच्या डॉक्टरला दाखवा.

फिट येण्यावर कार्बामॅझेपीन नावाची गोळी देतात, तीच टेग्रेटॉल नावानेही मिळते. एचएलए-बी १५:०२ हा प्रकार असलेल्या काही लोकांना ती भयंकर बाधते. ताप येतो, डोळे लाल होतात, तोंडात फोड येतात, मग कातडी भाजल्यासारखी सुटते. तैवानमध्ये २००४ साली असे ४४ पेशंट तपासले, ४४ च्या ४४ जणांत हा प्रकार सापडला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या भारतीय अभ्यासात ८ पैकी ६ जणांत होता. कुष्ठरोगाच्या पाकिटातल्या डॅप्सोन या गोळीचेही असेच आहे. तिच्या बाधेशी बी १३:०१ या प्रकाराचा संबंध चीनमध्ये २०१३ साली सापडला. हा प्रकार युरोप-आफ्रिकेत जवळजवळ नाही, भारतात वेगवेगळ्या गटांत शंभरात १ ते १२ जणांत आहे. बाधा बहुधा गोळ्या सुरू केल्यापासून चार ते सहा आठवड्यांनी दिसते. ताप, अंगावर पुरळ, गाठी, कावीळ.

याचा अर्थ गोळ्या फेकून द्यायच्या असा नाही. बहुतेकांना त्या सोसतात. कुष्ठरोगाचा कोर्स अर्धवट सोडला तर हातापायाची बोटे जातात आणि फिटची गोळी एकाएकी बंद केली तर फिट वाढते. पण पहिल्या दोन महिन्यांत तापाबरोबर पुरळ किंवा तोंडात फोड आले, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी गोळ्यांच्या पाकिटासह सरकारी रुग्णालय गाठा. बाधा झालेल्या गोळीचे नाव डॉक्टरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, आधार कार्डाच्या पिशवीत ठेवा. तीच गोळी भावाला किंवा बहिणीला द्यायची वेळ आली, तर ती चिठ्ठी आधी दाखवा. पट्टी त्यांच्याकडेही आलेली असू शकते.